मॅकेंझी क्लॅन, त्यांचा टार्टन आणि विजयदुर्ग: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसजवळ राहते आणि माझं आजोळ विजयदुर्गाकडचं. त्यामुळे इकडचे लोक मला भारताबद्दल विचारतात आणि तिकडचे सगळे किल्टबद्दल, म्हणजे इथल्या पुरुषांच्या निऱ्यांच्या पोशाखाबद्दल, आणि त्याच्या चौकडीच्या लोकरी कापडाबद्दल, म्हणजे टार्टनबद्दल. इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर मॅकेंझी लोकांचा जुना मुलूख सुरू होतो, म्हणून उदाहरण त्यांचंच घेतलंय. शिवाय त्यांचं आणि आपल्या कोकणाचं एक जुनं नातं आहे, फारसं गोड नाही, पण आहे. ते खाली येईलच.

क्लॅन म्हणजे आपलं कुळच ना?

बरंचसं, पण पूर्ण नाही. क्लॅन हा शब्द गेलिक भाषेतला, मूळ अर्थ मुलंबाळं. म्हणजे एका मूळपुरुषाची सगळी लेकरं, असं मानायचं. मानायचं म्हणतेय कारण प्रत्यक्षात सगळे रक्ताचे नसायचे, सरदाराच्या जमिनीवर राहणारा, त्याला खंड देणारा, वेळ आली की तलवार घेऊन हजर होणारा माणूसही हळूहळू तेच आडनाव लावायला लागायचा. त्या सरदाराला इथे चीफ म्हणतात. शिवाय लहान आडनावांची घराणी मोठ्या क्लॅनच्या सावलीत असायची, त्यांना सेप्ट म्हणतात. मर्चिसन हे मॅकेंझींचं सेप्ट.

एक गोष्ट मात्र आपल्याला लगेच कळते. प्रत्येक क्लॅनची एक वनस्पती असते, तिची डहाळी टोपीत खोवायची. मॅकेंझींची हॉली, ती काटेरी पानांची. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोंडातून निघालंच, अरे हे तर देवक! लग्नात पूजा वगैरे काही नाही हां, फक्त ओळख म्हणून.

मॅकेंझी नावाचा अर्थ काय?

मॅक म्हणजे मुलगा, आणि कॉइन्याख हे गेलिक नाव, इंग्रजीत त्याचं केनेथ झालं. केनेथचा मुलगा, एवढंच. पण गंमत त्यातल्या झ ची आहे. तो मुळात झ नव्हताच. जुन्या स्कॉटिश लिखाणात य सारख्या उच्चाराचं एक वेगळं अक्षर होतं, ते छपाईच्या खिळ्यांमध्ये नव्हतं, म्हणून छापणाऱ्यांनी दिसायला जवळचं झेड वापरलं, आणि मग लोक वाचताना खरोखरच झ म्हणायला लागले. आपल्या काळेंचं इंग्रजीत काले होतं तसंच, फक्त इथे मूळ उच्चारच गेला. मेन्झीस आडनावाचे लोक अजून स्वतःला मिंगिस म्हणवतात, त्यांनी हट्ट सोडला नाही.

यांचा मुलूख कुठला?

स्कॉटलंडच्या वायव्येला किनटेल म्हणून भाग आहे, सुरुवात तिथे. आयलन डोनन हा पाण्यातला किल्ला, जो स्कॉटलंडच्या निम्म्या कॅलेंडरांवर असतो, तो यांचाच. किल्ला सांभाळायला मॅक्रे लोक असायचे, त्यांना मॅकेंझींचं चिलखत म्हणायचे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला यांनी लुईस बेट घेतलं आणि १६२३ साली चीफला अर्ल ऑफ सीफोर्थ ही पदवी मिळाली. सीफोर्थ हे लुईसमधल्या एका खाडीचं नाव. पुढे कारभार पूर्वेकडे ब्राहनच्या वाड्यात आला.

आणि हो, आजचा आयलन डोनन जुना नाही. १७१९ मध्ये गादी गेलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने बंड झालं, किल्ल्यात स्पॅनिश सैनिक होते, ब्रिटिश नौदलाने तोफांनी तो उडवला. दोनशे वर्षं दगडांचा ढीग होता. १९१२ ते १९३२ मध्ये एका मॅक्रेनेच तो परत बांधला. पर्यटक फोटो काढताना किती जुना किती जुना करतात, मी गप्प बसते.

हरणाचं डोकं सगळीकडे का?

दंतकथा अशी की राजा तिसरा अलेक्झांडर शिकारीत असताना एक मोठं सांबर त्याच्या अंगावर आलं आणि मॅकेंझींच्या पूर्वजाने ते मारलं. तेव्हापासून चिन्हात सांबराचं डोकं, आणि ब्रीद ‘कुडिक अन री’, म्हणजे राजाला मदत करा. चीफला गेलिकमध्ये काबर फे म्हणतात, अर्थ सांबराची शिंगं. खरं खोटं कोण बघायला गेलंय.

टार्टन हजारो वर्षांपूर्वीपासून प्रत्येक क्लॅनचा ठरलेला आहे, हे खरं?

नाही. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि माझं उत्तर ऐकून सगळ्यात जास्त लोक हिरमुसतात.

चौकडीचं लोकरी कापड जुनं आहे, यात वाद नाही. फॉलकर्कला नाण्यांच्या हंड्यात सापडलेला तुकडा तिसऱ्या शतकातला मानतात. ग्लेन अफ्रिकच्या दलदलीत सापडलेला एक तुकडा तपासला तर साधारण १५०० ते १६०० मधला निघाला. पण हे कापड अमक्या क्लॅनचं, ते तमक्याचं, अशी वाटणी तेव्हा नव्हती. गावातल्या विणकराकडे जे रंग असतील, ज्याची जी आवड आणि ऐपत असेल, ते घालायचे. एकाच माणसाच्या अंगावर तीन वेगळे टार्टन असलेली जुनी चित्रं आहेत. लढाईत आपला कोण परका कोण हे कळायला टोपीतली डहाळी किंवा फीत बघायचे, कापड नाही.

मग १७४६ ला कलोडनची लढाई झाली, स्टुअर्टांची बाजू हरली, आणि सरकारने हायलँडचे, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाचे, पुरुषी कपडे कायद्याने बंद केले. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सात वर्षं देशाबाहेर. बायकांना बंदी नव्हती, आणि मुख्य म्हणजे सरकारी सैन्यातल्या हायलँडरांना नव्हती. हे नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट इथून निघते. १७८२ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत टार्टन राजरोस घालायची पुरुषाला एकच जागा होती, पलटण.

पुढे १८१५ च्या सुमारास लंडनमधल्या हायलँड सोसायटीने चीफ लोकांना पत्रं पाठवली की तुमचा अस्सल टार्टन पाठवा. बऱ्याच चीफना माहितीच नव्हतं आपला कुठला ते! मग धावाधाव. बॅनकबर्नच्या विल्सन्स नावाच्या कारखान्याकडे नंबर घातलेले नमुने होते, त्यातल्या कित्येकांना नंतर क्लॅनची नावं चिकटली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा थाट मांडला, राजा स्वतः किल्ट घालून मिरवला आणि मग जो तो टार्टन शोधत सुटला. १८४२ ला दोन भावांनी जुनं हस्तलिखित म्हणून एक टार्टनचं पुस्तक काढलं, ते बनावट निघालं, तरी त्यातले नमुने आजही विकले जातात. आता २००९ पासून सरकारी टार्टन रजिस्टर आहे, त्यात कंपन्या, शहरं, फुटबॉल क्लब सगळे नोंदवतात.

म्हणजे सगळं खोटं का? मला नाही वाटत तसं. दोनशे वर्षं लोकांनी लग्नात घातलं, मयतीला घातलं, त्यात लढले. परंपरा व्हायला एवढं पुरतं. फक्त हजार वर्षं म्हणू नका.

मॅकेंझी टार्टन ओळखायचा कसा?

आधी ब्लॅक वॉच डोळ्यासमोर आणा, गडद निळा, काळा, हिरवा, बाकी काही नाही. हा सरकारी पलटणींचा टार्टन. त्याच्या हिरव्यावर पांढरी रेघ आणि निळ्यावर लाल रेघ आली की मॅकेंझी. नुसती पिवळी असेल तर गॉर्डन. पिवळी आणि लाल असेल तर बहुधा हॅरिसचे मॅक्लाउड. लांबून सगळे सारखेच दिसतात, इथले लोकही चुकतात.

विणतात कसा? छापील असतो का?

छापील म्हणजे बसस्टँडवरची शाल. खरा टार्टन विणीतच असतो. ताण्यात रंगांचा जो क्रम, तोच क्रम तितक्याच धाग्यांनी बाण्यात. त्यामुळे हिरव्यावर हिरवा आला की भक्कम हिरवा, हिरव्यावर निळा आला की मधलाच रंग दिसतो. वीण तिरकी, दोन धागे वर दोन खाली, म्हणून जवळून बघितलं तर बारीक तिरप्या रेघा दिसतात. नक्षीचा एक पूर्ण फेरा म्हणजे सेट. इरकलीची चौकडी हातात धरून बघितलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही.

मॉडर्न, एन्शंट, वेदर्ड म्हणजे काय? दुकानात गोंधळ होतो.

नक्षी तीच, रंगाची छटा वेगळी. मॉडर्न म्हणजे गडद. एन्शंट म्हणजे फिका, जुन्या वनस्पती रंगांसारखा दिसावा म्हणून, कापड काही पुरातन नसतं. वेदर्ड म्हणजे ऊनपावसाने विटल्यासारखा तपकिरी-करडा. ड्रेस म्हणजे पांढरा भरपूर, नाचणाऱ्या मुली घालतात.

हा टार्टन मॅकेंझींचाच कसा झाला?

पलटणीमुळे. १७१५ च्या बंडात सीफोर्थच्या अर्लने स्टुअर्टांची बाजू घेतली, पदवी आणि जमीन दोन्ही गेलं. तेव्हाची एक गोष्ट मला फार आवडते. जमीन सरकारजमा झाली तरी किनटेलच्या कुळांनी खंड सरकारला दिलाच नाही. डोनाल्ड मर्चिसन नावाचा माणूस तो गोळा करून परदेशात पळालेल्या चीफला पोचवायचा, आणि सरकारी लोक वसुलीला आले की बंदुका घेऊन हाकलायचा. वर्षानुवर्षं!

पुढच्या पिढ्यांनी राजाशी जुळवून घेतलं. जमीन आणि पदवी परत मिळाली, त्या उपकारापोटी केनेथ मॅकेंझी या अर्लने १७७८ मध्ये स्वतःच्या मुलखातून एक पलटण उभी केली. त्याच सुमारास क्रोमार्टीच्या मॅकेंझी शाखेतल्या लॉर्ड मॅक्लाउडनेही एक उभी केली, याचा बाप बंडात सापडून देहदंडापासून थोडक्यात वाचलेला. (नाव मॅक्लाउड पण माणूस मॅकेंझी, मला पण हे कळायला वेळ लागला.) सरकारी टार्टनवर पांढरी-लाल रेघ घातली ती या पलटणींसाठी. म्हणजे आधी गणवेश, मग त्यातून क्लॅनचं कापड.

सीफोर्थच्या शिपायांना एडिंबरात असताना कुणकुण लागली की आपल्याला ईस्ट इंडिया कंपनीला विकलंय. शेकडो शिपाई हत्यारांसकट शहराजवळच्या आर्थर्स सीट टेकडीवर जाऊन बसले, खाली यायला तयार नाहीत. बरेचसे मॅक्रे होते म्हणून त्याला रानटी मॅक्रेंचं प्रकरण म्हणतात. काही दिवसांनी समेट झाला, थकलेला पगार मिळाला, कुणाला शिक्षा नाही. आणि तीन वर्षांनी, १७८१ मध्ये, त्यांना बोटीत घालून नेलं कुठे? हिंदुस्थानातच. वाटेत अर्ल वारला, स्कर्व्हीने दोनशेच्या वर शिपाई गेले, आणि १७८२ मध्ये मद्रासला उतरले तेव्हा निम्मेसुद्धा धड उभे राहण्याच्या अवस्थेत नव्हते.

आणि विजयदुर्गाचं काय? सारखी म्हणतेस ते.

हो, आता आलं. अर्लला मुलगा नव्हता. मरायच्या आधी, १७७९ लाच, त्याने सगळी जहागीर आपल्या चुलतभावाला विकली होती, टॉमस फ्रेडरिक मॅकेंझी हंबरस्टन. १७८१ ला हाच क्लॅनचा चीफ झाला. तोही इंग्रजांच्या फौजेत कर्नल, इकडे मलबारात हैदरशी लढत होता. १७८३ च्या सुरुवातीला त्याचं आणि आणखी दोघा अधिकाऱ्यांचं आपल्या सेनापतीशी बिनसलं, तक्रार घेऊन तिघे मुंबईला आले, त्यातला एक नॉर्मन मॅक्लाउड, म्हणजे स्काय बेटावरच्या मॅक्लाउड क्लॅनचा चीफ. तक्रार मान्य झाली, मॅक्लाउडला सेनापती केलं, आणि एप्रिलमध्ये रेंजर नावाच्या जहाजातून सगळे परत दक्षिणेला निघाले.

कोकण किनाऱ्यावर आनंदराव धुळपांच्या आरमाराने गाठलं. सालबाईचा तह आधीच झाला होता, म्हणजे कागदावर मराठे आणि इंग्रजांचं युद्ध संपलेलं, पण समुद्रावर वेगळंच चाललं होतं. रेंजर शेवटपर्यंत लढलं, बहुतेक माणसं मेली किंवा जखमी झाली, मॅक्लाउडलाही गोळी लागली, आणि जहाज पकडून विजयदुर्गाला नेलं. इंग्रज त्याला घेरिया म्हणायचे. जखमी हंबरस्टन तिथेच ३० एप्रिल १७८३ ला गेला, वय तिशीच्या आत.

लहानपणी आम्ही विजयदुर्गाच्या तटावर जांभळं खात बसायचो तेव्हा धुळपांचं नाव रोज कानावर पडायचं, पण जहाजात कोण होतं ते कुणी सांगितलं नव्हतं. एका हायलँड क्लॅनचा चीफ या खाडीत मेला हे मला इकडे आल्यावर कळलं, आणि इकडच्या मॅकेंझींना घेरिया म्हणजे कुठे ते माझ्याकडून.

ब्राहनच्या भविष्यवाल्याची गोष्ट खरी का?

गोष्ट अशी, कॉइन्याख ओअर नावाच्या द्रष्ट्याला सीफोर्थच्या बाईसाहेबांनी डांबराच्या पिंपात जाळलं, आणि मरताना त्याने शाप दिला की शेवटचा चीफ बहिरा असेल, त्याचे चारही मुलगे त्याच्यादेखत मरतील आणि जहागीर मुलीकडे जाईल. आता विजयदुर्गाला गेलेल्या हंबरस्टनचा वारस त्याचा भाऊ फ्रान्सिस. लहानपणी तापाने खरंच बहिरा झालेला. चार मुलगे, चारही त्याच्या आधी गेले. १८१५ मध्ये तो वारला आणि सगळं मुलीकडे गेलं.

अंगावर काटा येतो ना? पण या भविष्यांचं पुस्तक निघालं १८७७ साली, म्हणजे सगळं घडून साठ वर्षं झाल्यावर. आणि त्या नावाचा माणूस सरकारी कागदात सापडतो तो १५७७-७८ च्या सुमाराला, चेटकाच्या आरोपात, सीफोर्थ ही पदवीसुद्धा नव्हती तेव्हा. मला स्वतःला तो बहिरा माणूसच जास्त थोर वाटतो. ऐकू येत नसताना बार्बाडोसचा गव्हर्नर झाला, आणि १७९३ मध्ये घराण्याची दुसरी पलटण उभी केली, ७८ वी.

७८ वी म्हणजे असईची?

तीच. २३ सप्टेंबर १८०३, जालना जिल्ह्यातलं असई, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात. समोर शिंदे आणि भोसल्यांची फौज, इंग्रज सेनापती वेलस्लीकडे हायलँडरांच्या दोन पलटणी, ७४ आणि ७८. ७४ वी चुकून गावाच्या तोंडावर गेली आणि कापली गेली, ७८ वी केळणेच्या बाजूला होती, तिचं नुकसान त्या मानाने कमी. वेलस्लीची मेलेली-जखमी माणसं पंधराशेच्या वर. दोन्ही पलटणींना निशाणावर हत्ती आणि असई हा शब्द लावायचा मान मिळाला. थोरला भाऊ मराठ्यांच्या कैदेत मेला आणि धाकट्याने उभी केलेली पलटण वीस वर्षांनी मराठ्यांवरच चालून आली, यात सूड वगैरे शोधू नका, शिपाई जिथे पाठवतील तिथे जातात. १८८१ मध्ये ७२ (१७७८ मधल्या अर्लच्या पलटणीचा पुढचा नंबर) आणि ७८ एकत्र होऊन सीफोर्थ हायलँडर्स झाली, बिल्ल्यावर तेच सांबराचं डोकं, अंगावर मॅकेंझी टार्टन.

माझं आडनाव मॅकेंझी नाही. मी घातला तर चालेल का?

कायदा नाही. कुणी अडवत नाही. रीत म्हणून लोक आपल्या किंवा आईच्या क्लॅनचा घालतात, ज्यांना काहीच नाही ते ब्लॅक वॉच घेतात. बाल्मोरल टार्टन तेवढा राजघराण्यासाठी ठेवलाय. जावई मॅकेंझी असेल आणि व्याह्यांनी स्वतः म्हटलं की तुम्ही पण घाला, तर नक्की घाला, तो मान आहे.

नेसायचा कसा?

नेसायचाच, बरोबर शब्द. साधारण आठ वार कापड, निऱ्या मागे, पुढून सपाट. आपल्या नऊवारीच्या बरोबर उलटं. वरची कड बेंबीपाशी, खालची गुडघ्याच्या मध्यावर. कमरेला पँटसारखा बांधलात तर पोटऱ्यांपर्यंत लोंबतो, माझ्या भावाने लग्नात तेच केलं आणि सगळे फोटो तसेच आलेत. पिन फक्त वरच्या पदराला, दोन्ही पदर टोचले तर कापड फाटतं. पुढे लोंबणारी पिशवी म्हणजे स्पॉरन, कारण खिसे नसतात. मोज्यातली सुरी स्कीन डू, विमानात ती चेक-इन बॅगेत टाका. आणि पहिला किल्ट विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. मी एकदा पर्यटकांच्या गल्लीतून स्वस्तात आणला, ॲक्रिलिक निघाला, इस्त्री लावली आणि एक निरी वितळली.

आत काय घालतात? ज्याचं त्याला माहीत. भाड्याचा असेल तर घाला, प्लीज.

दुकानात मॅकेंझी फॅमिलीचं कोट ऑफ आर्म्स मिळतं, ते घ्यावं का?

शोभेला घ्या. पण इथे ढालचिन्ह आडनावाचं नसतं, एका माणसाचं असतं, आणि त्यासाठी एडिंबरात लॉर्ड लायन यांचं खरंखुरं कोर्ट आहे. क्लॅनच्या बाकी लोकांनी पट्टा-बकलाच्या गोलातलं चिन्ह वापरायचं, टोपीत तीन पिसं फक्त चीफला.

आता चीफ कोण, आणि बघायला कुठे जायचं?

सीफोर्थची शाखा संपली, चीफपद आता क्रोमार्टीच्या अर्लकडे आहे, घर स्ट्रॅथपेफरजवळचं कॅसल लाऊड. ते राहतं घर आहे, ठरावीक दिवशीच उघडतं, आधी तारीख बघून जा. ब्राहनचा वाडा विसाव्या शतकाच्या मध्यात पाडला, तिथे जाऊन हिरमोड होईल. पलटणीच्या वस्तू बघायच्या तर इन्व्हरनेसजवळच्या फोर्ट जॉर्जला जा. आयलन डोननला ऑगस्टात जाणार असाल तर मिजेसचं, म्हणजे इथल्या बारीक चावऱ्या माश्यांचं, औषध लावून जा, आपले डास परवडले.